आत्याची सही बँकेत जुळत नाही, मी बंगळुरात. काय करू?

कुडाळची भाची:
माझी आत्या ८१ वर्षांची, कुडाळला एकटी राहते. लग्न केलं नाही. पोस्टातल्या पगारातून माझ्या बाबांचं शिक्षण तिनेच केलं. बाबा आता नाहीत, म्हणजे तिला मीच. श्रावणात तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं जड झालंय, पण डोकं लख्ख आहे. काल फोनवर पहिलं वाक्य, "पंपाचा बिल भरलंस काय गो?"

गेल्या खेपेला दवाखान्याच्या बिलासाठी तिचा चेक घेऊन बँकेत गेले. सही डाव्या हाताची, जुळत नाही म्हणून परत. "त्यांना घेऊन या," म्हणाले. तिला पलंगावरून खुर्चीत बसवायलाच दोन माणसं लागतात. घरी येऊन सांगितलं तर काही बोलली नाही, संध्याकाळपर्यंत वहीत डाव्या हाताने स्वतःचं नाव गिरवत बसली. ती वही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एटीएम कार्ड तिने कधी घेतलंच नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस आलेत. शेजारी म्हणतात, मुखत्यारपत्र कर आणि घरही आताच नावावर करून घे. घराचं मला ऐकवतही नाही. पण बाकीचं कसं करू?

निवृत्त शाखाधिकारी:
ताई, सही सोडा, अंगठा घ्या. डावा चालतो. आजारी, वृद्ध खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत: अंगठ्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे कोण नेणार हे आत्यांनी सांगायचं आणि त्या माणसाची सही बँकेत द्यायची. डॉक्टरांचा दाखला जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असंही २०१७ पासून सांगितलेलं आहे. मी स्वतः असे अंगठे घ्यायला मोटरसायकलने वाड्यांवर गेलोय. "घेऊन या" हे उत्तर चुकीचं आहे.

पेन्शनरची सून:
हयातीच्या दाखल्याला पोस्टमन घरी येतो, यंत्रावर बोट घेतो. बोट उमटलं नाही तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, माझ्या सासूबाईंचं तसंच केलं. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची वाट बघू नका. पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा), आधार, पेन्शनचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा. तो मोबाइल कुणाकडे आहे, हे आधी बघा.

ठाणेकर:
मुखत्यारपत्र करा, पण त्यावर विसंबू नका. माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार. त्यांनी मला मुखत्यारपत्र दिलेलं, मी निर्धास्त. फ्लॅटचं काम निघालं तेव्हा वकिलांनी सांगितलं, माणसाला समजेनासं झालं की साधं मुखत्यारपत्र संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज. त्यांच्याच औषधांसाठी त्यांचेच पैसे आम्हाला आठ महिने काढता आले नाहीत. तुमच्या आत्यांचं डोकं आज चालतंय, तेव्हा त्यांना जे हवंय ते आजच कागदावर येऊ द्या. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. नोंदणी सक्तीची नाही, पण करायची असेल तर दुय्यम निबंधक आजारी माणसाकडे गृहभेटीला येतात. आणि विचाराल तेव्हा खोलीत शेजारी नकोत.

कुडाळची भाची:
काल विचारलं. फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, मृत्युपत्र करूया, आणि घराची मागची खोली तिचं सगळं करणाऱ्या बाईच्या नावे ठेवायची. माझ्या मनातही आलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. बँकेचा अर्ज आज रात्री लिहिते. शाखाधिकारी काका, मसुदा इथे टाकला तर बघाल का?