अनुभव धागा: गुडघ्याची गादी झिजली म्हणाले, पुढे तुम्ही काय केलंत?

मंडळी, वय ५१, जुळे सोलापूर. दोन वर्षं झाली, जिना उतरताना उजवा गुडघा कट् वाजतो आणि आतल्या बाजूनं कळ येते. चढताना नाही, उतरतानाच. पहिल्या डॉक्टरांनी झोपवून एक्स-रे काढला, "वयाचं आहे" म्हणून गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी दुसऱ्यांनी उभं करून काढला. अंगाचा भार आला तशी दोन हाडांतली फट आतल्या बाजूला जवळजवळ मिटलेली. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, एक्स-रेत दिसत नाही, त्या फटीवरूनच ती किती उरली ते ओळखतात. एकाच गुडघ्याचे दोन फोटो खिडकीत धरून दहा वेळा पाहिले. शेजारीण म्हणते ग्रीस संपलं, जाऊ म्हणते वाटी बदल. जाहिरात नको, स्वतःचं सांगा.

बाराबंदी
ताई, माझी अस्तराची झीज नव्हती, दोन हाडांमधली चकतीसारखी गादी फाटली होती. वय ३४. सिद्धेश्वराच्या यात्रेत पेलायच्या उंच नंदीध्वजाच्या सरावात वळताना पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. त्या दिवशी काही नाही, सकाळी गुडघा नारळाएवढा. पुढं पुढं तर अडकायलाच लागला. खाली बसलो की सरळ होईना, हातानं हलवून सोडवायचा. एमआरआयमध्ये कळलं. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट शिवता येते. आतल्या भागाला नसतो. माझी आतली. दुर्बिणीतून लोंबता तुकडा कापून काढला. त्या वर्षीच्या गड्ड्याला, म्हणजे त्याच यात्रेला, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा मोबाईलवर बघितली बे, याच्यापरीस मोठी शिक्षा नाही.

ऑपरेशन अर्ध्या तासाचं, खरं काम नंतरचं. मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा बारीक झालेली. आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायचा, गुडघ्यानं खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. दिवसातून तीन वेळा. पातळ टॉवेल घेऊ नका, गुंडाळी बसते.

पूर्वभागातली
आईसाठी लिहिते. आमच्याकडं घरात तेलुगू, 'मोकाळ्ळ नोप्पी' म्हणजे गुडघेदुखी, हा शब्द गल्लीतल्या प्रत्येक घरात रोजचा. चाळीस वर्षं पाय दुमडून, मांडीवर सूप घेऊन विड्या. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटीमागं दाब फार येतो, म्हणून डॉक्टर म्हणाले खुर्चीवर बसा. आई म्हणाली, "खुर्चीत सूप राहतंय का?" राहत नाही, खरंच. शेवटी भावानं खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी ठोकली, पुढं दोन बोटांची कड ठेवून, तंबाखू सांडू नये म्हणून. पहिला आठवडा हजाराच्या सहाशे झाल्या, तिनं बोलून बोलून जीव खाल्ला. आता खुर्ची सोडत नाही. संडासही कमोडचा करून घेतला. दुखणं गेलं नाही, पण रात्रीची झोप लागते.

शेंगाचटणी
तेल, काढा, सहा महिने कॅप्सूल. तेलानं चोळणाऱ्या बायकोचा हात दुखायला लागला. फरक पडला तो नऊ किलो उतरल्यावर. एक किलो घटला की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो.

जुना जॉबर
वय ६७, चादरीच्या कारखान्यात उभ्यानं आयुष्य गेलं. कूर्चेला ना रक्तवाहिनी ना नस, म्हणून झिजताना ती बोंबलत नाही. मला कळलं तोवर हाडाला हाड लागलं होतं. २०१९ला दोन्ही सांधे बदलले. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारनं ऑगस्ट २०१७मध्ये त्यावर मर्यादा घातली. कोबाल्ट क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. आम्हाला आधी एकच गोळाबेरीज आकडा सांगितला होता. मुलानं फोड मागितल्यावर कागद बदलला. मांडी घालून पंगतीत बसणं बंद, पण सिद्धेश्वराला चालत जातो. घाई मात्र करू नका ताई, तुमच्याकडं अजून फट आहे.

धागाकर्ती
टॉवेल कालपासून सुरू केला. सातपर्यंतच मोजता आलं. काका, एक विचारते, गाडीला किक मारता येते का?

जुना जॉबर
मारून बघितली नाही. बटणाची घेतली.