स्वित्झर्लंड : हॉटेल वेंगेनला घ्यावं, लाउटरब्रुनेनला की सरळ इंटरलाकेनला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात स्वित्झर्लंडला जायचं घाटतंय. मी, नवरा, लेक (पाचवीत आहे) आणि सासू-सासरे. टूर कंपनीबरोबर जायचं नाही एवढं एकमताने ठरलंय, कारण सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवा हा प्रकार सासऱ्यांना झेपत नाही आणि आम्हालाही एकाच डोंगराकडे दोन दिवस बघत बसायची हौस आहे. पण आता हॉटेलं बघायला बसले तर डोकं भणभणायला लागलंय.

भाग ठरलाय, बर्नीज ओबरलँड. युंगफ्राऊयोखला जायचंच आहे (सासऱ्यांचा हट्ट, ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन १९१२ साली कसं बांधलं असेल हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय, ते स्वतः रेल्वेत होते). बाकी काहीही चालेल. प्रश्न असा की राहायचं कुठे. नकाशात इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन, वेंगेन, म्युरेन, ग्रिंडेलवाल्ड सगळं बोटभर अंतरात दिसतं आणि प्रत्येक व्हिडिओवाला सांगतो की इथेच राहा, बाकीचं सगळं फालतू. फोटो तर सगळ्या हॉटेलांचे सारखेच, लाकडी बाल्कनी, लाल फुलं, मागे बर्फ.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर व्यवस्थित चालतात पण चढ आणि जिने नकोत. आम्ही सगळे शाकाहारी, अंडं केकपुरतं चालतं. म्हणून एकदा वाटतं स्वयंपाकघरवालं अपार्टमेंट घ्यावं, एकदा वाटतं तिथे जाऊनही मीच कुकर लावायचा का?! दोन खोल्या घ्यायच्या तर लेकीला कुठल्या खोलीत घालायचं ते साइटवर नीट कळत नाही, तिचं नाव घातलं की अर्ध्या खोल्या गायबच होतात.

शिवाय व्हिसा अजून व्हायचाय. मग पैसे परत न मिळणारं स्वस्त बुकिंग करावं की रद्द करता येणारं महाग घ्यावं? नवरा म्हणतो व्हिसा होतोच सगळ्यांचा, मला मात्र धाकधूक आहे.

कोणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, "कुठेही राहा, सगळं सुंदरच आहे" असं नको.

प्रतिसाद १

ताई, डोळे मिटून वेंगेन. कारण सांगते. लाउटरब्रुनेन दरीच्या तळाशी आहे, साधारण ८०० मीटरवर, दोन्ही बाजूंनी उभे कडे, स्टाउबबाखचा जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा गावातच पडतो, दिसायला अफाटच, पण कड्यांमुळे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं आणि दिवसभर गावात गर्दी. वेंगेन त्याच्याच डोक्यावर १२७४ मीटरवर मोकळ्या उतारावर बसलंय, ऊन भरपूर, समोर युंगफ्राऊ शिखर, आणि बाहेरच्या गाड्यांना बंदी असल्यामुळे आजी-आजोबा रस्त्याच्या मधून चालले तरी चालतं. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरची ट्रेन पंधरा-एक मिनिटांत वर नेते. तीच लाइन पुढे क्लायने शाइडेगला जाते आणि तिथून युंगफ्राऊयोखची गाडी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना सगळा प्रवास रेल्वेनेच. ग्रिंडेलवाल्डहून २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेली आयगर एक्सप्रेस केबल कार आहे, ती पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला (युंगफ्राऊयोखच्या रेल्वेवरचं स्टेशन) सोडते, वेळ वाचतो खरा, पण रेल्वेवाल्या माणसाला वेंगेनकडून न्या आणि येताना केबल कारने उतरवा.

फक्त एक. वेंगेन उतारावरचं गाव आहे. हॉटेल "स्टेशनपासून ३०० मीटर" लिहिलेलं असतं, ते ३०० मीटर चढाचे आहेत का ते कोणी लिहीत नाही. गूगल मॅपमध्ये चालायचा रस्ता काढा, खाली चढउताराचा आलेख दिसतो तो बघा. नाहीतर स्विसटोपोचं (तिथल्या सरकारी नकाशांचं) अ‍ॅप घ्या, त्यात उंची दाखवणाऱ्या कंटूर रेषा दिसतात. आणि हॉटेलला मेल टाकून विचारा की स्टेशनवर सामान घ्यायला गाडी येते का, बऱ्याच हॉटेलांची छोटी इलेक्ट्रिक गाडी असते, पण आपली ट्रेन कधीची ते आधी कळवावं लागतं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी असहमत, सॉरी. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर इंटरलाकेनच घ्या, आणि तेही ओस्ट (पूर्वेच्या) स्टेशनच्या जवळ, वेस्ट नाही. कारण साधं आहे, एखाद दिवस पाऊस लागला (जूनमध्ये लागतोच) तर वेंगेनला ढगात बसून करायचं काय? इंटरलाकेन दोन तलावांच्या मध्ये आहे, थुन आणि ब्रिएन्झ, पावसात बोटीत बसा, बर्नला जाऊन या, ल्युसर्नची गाडी ओस्टहूनच सुटते. गाव सपाट. ओस्टसमोर मोठं कोप सुपरमार्केट आहे, भाजी दूध दही सगळं. भारतीय रेस्टॉरंटं आहेत. यश चोप्रांचा पुतळासुद्धा आहे, सासूबाईंचा फोटो काढा तिथे :)

ओस्टहून डोंगराकडे जाणाऱ्या गाडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ती एकच गाडी त्स्वाइल्युत्शिनेनला तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला जातात. डब्यावर पाटी असते ती वाचून बसा, नाहीतर कुटुंबाचीच फाळणी.

आणि म्युरेनच्या फोटोंना भुलू नका. १६०० मीटरच्या वर आहे, नजारा वेंगेनपेक्षाही भारी, मान्य. पण तिथे पोचायला लाउटरब्रुनेनहून आधी केबल कार आणि मग छोटी ट्रेन, किंवा खालून श्टेचेलबेर्गहून केबल कार, आणि या दोन्हींची स्टेशनं गावाच्या दोन टोकांना. हॉटेल चुकीच्या टोकाला असलं तर बॅगा ओढत अख्खं गाव पार करायचं.

प्रतिसाद ३

राहायच्या जागेवर वाद चालू दे, मी व्हिसाचं सांगतो.

शेंगेन व्हिसाला (स्वित्झर्लंडला हाच लागतो) प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत देतात पण नियमाने ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी कसरत असते, तेव्हा पहिली अपॉइंटमेंट बघा, बाल्कनी नंतर. राहण्याचा पुरावा प्रत्येक रात्रीचा लागतो, मध्ये एक रात्र रिकामी सुटली की प्रश्न येतो. म्हणून आत्ता सगळं रद्द करता येणारंच करा, थोडं महाग पडलं तरी. व्हिसा हातात आला की मग हवं तर बदला, तोपर्यंत हात लावू नका.

बुकिंग बहुतेक वेळा एकाच माणसाच्या नावावर निघतं. हॉटेलला मेल करून पाचही जणांची पासपोर्टप्रमाणे नावं असलेलं कन्फर्मेशन मागवा, देतात लगेच. सासू-सासऱ्यांचा अर्ज वेगळा असतो ना, त्यांच्या फाइलला तो कागद हवा.

"रद्द करता येणारं" या शब्दांवरही जाऊ नका, तारीख वाचा. काही ठिकाणी प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत, काही ठिकाणी महिनाभर आधीपर्यंतच. ती तारीख व्हिसा येण्याच्या आधीची असेल तर त्या सोयीचा तुम्हाला शून्य उपयोग. आणि विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, ज्येष्ठांचा जरा बघून घ्या, आधीच्या आजारांना काय लागू आहे ते.

धागाकर्ती

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. रद्द करायच्या तारखेचं तर माझ्या लक्षातच आलं नसतं, आत्ताच बघितलं, मी हेरून ठेवलेल्या एका अपार्टमेंटची मुदत एप्रिलमध्येच संपतेय. बाद.

वेंगेन आणि इंटरलाकेन दोन्ही बाजू पटतायत हाच घोळ आहे. अर्धं-अर्धं केलं तर? आधी वर, मग खाली? सासूबाई म्हणतात एकदाच काय ते सामान हलवू, त्याला ना नाही. पण प्रवासाचा पास घेतला तर वर राहिल्याने तिकिटाचा खर्च वाढतो का?

प्रतिसाद ४

नाही वाढत. स्विस ट्रॅव्हल पास वेंगेन, म्युरेन, ग्रिंडेलवाल्ड तिन्ही गावांपर्यंत पूर्ण चालतो. त्याच्यावर युंगफ्राऊयोखपर्यंत मात्र फक्त २५ टक्के सवलत, ते तिकीट वेगळं आणि सणसणीत. लेकीला सोळा पूर्ण नाहीत म्हणजे फॅमिली कार्ड फुकट मिळेल, पण ते आई किंवा वडील बरोबर असताना चालतं. आजी-आजोबांबरोबर एकटी पाठवून तुम्ही दोघं हॉटेलवर लोळणार असाल तर तिचं तिकीट काढा, हाहा. साधा पास मात्र सलग दिवसांचा मोजतात, ३, ४, ६, ८ किंवा १५; सुटे दिवस निवडायचे तर फ्लेक्स पास वेगळा मिळतो. तुम्ही नुसतं बघत बसणारी मंडळी दिसताय, तर हाफ फेअर कार्डाचा (त्यावर तिकिटं अर्ध्या दरात मिळतात) हिशोब पण करून बघा, रोज फिरणार नसाल तर कदाचित तेच परवडेल.

युंगफ्राऊयोखचं तिकीट घरून काढून ठेवू नका, निदान आपण ठरवलेल्या एका तारखेवर अडून बसू नका. सकाळी वेबकॅम बघायचा, वर निळं दिसलं की निघायचं. म्हणूनच माझं मत आधी वर राहा याला, पहाटे खिडकीतूनच कळतं. वर गेल्यावर हळू चालायला सांगा आजी-आजोबांना, आणि बीपी वगैरे असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आता खोल्या. लेकीमुळे खोल्या गायब होतात कारण तिथे खोलीत किती माणसं हे कडक पाळतात, दोन म्हणजे दोन, तिसरं गादी टाकून झोपेल हे चालत नाही. तीन जणांची एक आणि दोघांची एक असं शोधा, किंवा मधलं दार असलेल्या दोन खोल्या हॉटेललाच विचारा, त्या साइटवर धड दिसत नाहीत. सासूबाईंसाठी तीन गोष्टी मेलमध्ये विचाराच. लिफ्ट आहे का (जुन्या शाले पद्धतीच्या लाकडी घरांत बरेचदा नसते). लिफ्टपर्यंत जायला बाहेरच पायऱ्या आहेत का. आणि आंघोळीला साधा शॉवर आहे की टबात चढून उभं राहायचं. हे तिसरं कोणी विचारत नाही आणि तिथेच पाय घसरतो. आमच्या हॉटेलला लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू! तिथपर्यंत दगडी जिना. फोटोत अर्थातच लिफ्ट.

एसी बहुतेक ठिकाणी नसतो, वेंगेनला लागत नाही, इंटरलाकेनला एखादी रात्र उकडू शकतं. आणि चर्चला खेटून हॉटेल घेऊ नका, काही गावांत रात्रीही दर पंधरा मिनिटांनी घंटा.

प्रतिसाद ५

अपार्टमेंटचं मी बोलते, कारण आम्ही त्यातच राहतो नेहमी. किंमत लगेच हॉटेलशी ताडून बघू नका. शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे लावतात, ते एकदाच असतात त्यामुळे थोड्या दिवसांना महाग पडतं. चादरी-टॉवेल धरलेत का ते वाचा. पर्यटक कर माणशी दर रात्रीचा, तो कितीतरी ठिकाणी बुकिंगच्या रकमेत नसतो, तिथे गेल्यावर भरायचा (हा हॉटेलांनाही आहे). त्याच्या बदल्यात गेस्ट कार्ड देतात, इंटरलाकेनच्या कार्डावर आसपासच्या बस-ट्रेन फुकट असतात, ते मागून घ्या. मालक तिथे राहत नसेल तर किल्ली पेटीत ठेवतात आणि कोड मेलवर येतो, म्हणजे उतरल्या उतरल्या फोनमध्ये नेट हवं.

कार्डाचं पण बघा. आपल्या कार्डावर परदेशातले व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावे लागतात. ते बंद असलं की हॉटेलने कार्ड तपासायला घेतलं तर ते नाकारलं जातं आणि बुकिंग उडतं, मेल स्पॅममध्ये पडलेला असतो. आणि तिथे मशीनवर "रुपयात देऊ का" असं आलं तर नको म्हणा, फ्रँकच दाबा, रुपयातला दर त्यांच्या सोयीचा असतो.

खाण्यासाठी मधला मार्ग असा की वेंगेनला हाफ बोर्डवालं हॉटेल घ्या, सकाळ-संध्याकाळचं तेच देतात, आणि खाली इंटरलाकेनला किचनवालं. म्हणजे आधी सुट्टी, मग वरणभात.

धागाकर्ती

हे बेस्ट आहे! घरात वाचून दाखवलं, सासरे म्हणाले वेंगेन पक्कं, आणि सासूबाई म्हणाल्या वरणभात पक्का. वेंगेनच्या दोन हॉटेलांना शॉवर, लिफ्ट, सामानाची गाडी सगळं विचारून मेल टाकलाय, रद्द करायची मुदत एकाची मेअखेर आहे. अपॉइंटमेंटचं नवऱ्याच्या गळ्यात घातलंय.

एकच राहिलं. हाफ बोर्डमध्ये शाकाहारी म्हटलं की नक्की काय येतं? रोज सॅलड आणि चीज असेल तर सासरे दुसऱ्या दिवशी इंटरलाकेनला पळतील.

प्रतिसाद ५

नुसतं शाकाहारी लिहू नका. मांस नाही, मासे नाहीत, सूपमध्ये मांसाचं पाणी नाही, आणि अंडं फक्त केकमध्ये चालेल, असं चार ओळींत लिहा आणि आठवड्याचा मेन्यू मागवा. रोश्टी (किसलेल्या बटाट्याची), पास्ता, भाज्यांचं काहीतरी फिरून फिरून येतं, चीज तर येणारच. ज्याचं उत्तर दोन दिवसांत आणि नीट येईल ते हॉटेल घ्या. आणि लोणच्याची बाटली हातातल्या सामानात नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका.