कपाशीसाठी पीक-वाढीचं मॉडेल कॅलिब्रेट करायचंय – कोणतं घ्यावं, कसं करावं? (बजेट १२ हजार)

मृगाची_सर | २ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. मी विदर्भात एम.एस्सी. करते, विषय कृषी हवामानशास्त्र. प्रबंध कपाशीच्या वाढीच्या आणि उत्पादनाच्या मॉडेलवर आहे. २०२३ आणि २०२४ या दोन खरिपांचा डेटा हातात आहे. वाण दोन, सूरज आणि एनएचएच-४४. पेरणीच्या तारखा तीन, कोरडवाहू, अंतर ९०×६० सेंमी. फूल लागल्याची आणि बोंड फुटल्याची तारीख, सगळ्या वेचण्यांचं वजन आणि शेवटी झाडाचं वाळलेलं वजन एवढं नोंदवलंय. पानांचं क्षेत्रफळ मोजलेलं नाही. पहिल्या वर्षी ते मोजायचं यंत्र बंद होतं आणि दुसऱ्या वर्षी मिळालंच नाही.

सध्या डीएसएसएटी या पीक-मॉडेलांच्या सॉफ्टवेअरमधलं क्रॉपग्रो-कॉटन वापरतेय. २०२३ची पहिली पेरणी छान जुळली: शेतात हेक्टरी १८५० किलो, मॉडेलमध्ये १८४०. पण तिसऱ्या पेरणीला शेतात ११०० आणि मॉडेलमध्ये १७८०! फुलाची तारीखही एका पेरणीला जुळवली की दुसरीची बिघडते. मॉडेल शेताशी जुळावं (म्हणजे कॅलिब्रेट व्हावं) म्हणून दोन महिने वाणाचे गुणांक, म्हणजे त्या वाणाची वाढ ठरवणारे मॉडेलमधले आकडे, बदलतेय.

मॉडेल बदलू का? की पद्धत चुकतेय? खर्चाला माझ्याकडे १२,००० रुपये आहेत, जूनअखेर प्रबंध द्यायचाय. कृपया या मर्यादेत सांगा.

ठिबकवाला_जळगाव | २ मार्च, रात्री १०:१५

ताई, सगळ्यात आधी स्वतःचं स्वयंचलित हवामान केंद्र बसवा. आम्ही गटशेतीत बसवलं, ५८ हजारांना पडलं, पण सौर प्रारण, आर्द्रता, वारा, पाऊस सगळं मोबाइलवर दिसतं. मॉडेलला रोजचं प्रारण लागतंच. ते अंदाजाने भरलंत तर पुढचं सगळं अंदाजाचंच. आमच्या गटातले सगळे आता त्यावरच फवारणी ठरवतात.

मृगाची_सर | २ मार्च, रात्री १०:३२

दादा, बजेट १२ हजार आहे, आणि ती दोन वर्षं तर होऊन गेली. पाऊस आणि तापमान केंद्रावरच्या वेधशाळेचं आहे, प्रारण नासा पॉवरवरून (उपग्रहावर आधारित हवामानाचा डेटा) घेतलंय.

परदेशी_सरकी | ३ मार्च, सकाळी ६:०५

मी न्यू साउथ वेल्समध्ये कापसाच्या शेतीवर काम करतो. इथे ॲप्सिम या सॉफ्टवेअरमधलं ओझकॉट हे कपाशीचं मॉडेल वापरतात. पात्यापासून (कळीपासून) बोंडापर्यंत फळधारणेचा हिशेब ते फार चांगला ठेवतं, पातेगळही त्यात येते. कपाशी ज्वारीसारखी एकदाच फुलून थांबत नाही. पाणी मिळालं की पुन्हा पाती धरते. हे ज्या मॉडेलला नीट कळतं तेच घ्यावं. माझं मत ओझकॉट. नारब्राईला ज्या लोकांनी ते वाढवलं त्यांनी पिढीभर कपाशीच पाहिलीय.

सातपुडा७२ | ३ मार्च, सकाळी ८:२०

ओझकॉट तिकडच्या बागायती, दाट कपाशीवर घडलेलं. आमच्या कोरडवाहू, ९०×६०च्या संकरित पऱ्हाटीला ते बसवताना मी एक अख्खं वर्ष घालवलंय. या विषयात मी गॉसिम या कपाशीच्या जुन्या मॉडेलच्या काळापासून आहे, अमेरिकेत १९८०च्या दशकात शेतकऱ्याला सल्ला द्यायला ते वापरात आलं होतं. तुम्ही भारतीय कृषी संशोधन संस्थेचं इन्फोक्रॉप हे मॉडेल घ्या. आपल्याकडच्या परिस्थितीसाठी केलेलं आहे, गुणांक कमी आहेत आणि परीक्षक प्रश्न कमी विचारतात.

संख्या_आणि_शेती | ३ मार्च, दुपारी १:१०

मॉडेल बदलू नका. हाताने गुणांक हलवणं मात्र थांबवा. डीएसएसएटीत ग्लू हे गुणांक आपोआप शोधणारं साधन आहे, त्याला काही हजार रन द्या, तो आधी फूल-पक्वतेचे गुणांक काढतो आणि मग वाढीचे. २०२३ कॅलिब्रेशनला, २०२४ पडताळणीला. वर्षं एकमेकांत मिसळू नका. आणि आर-वर्ग (शेतातले आणि मॉडेलचे आकडे किती सोबत वरखाली होतात ते) दाखवून मोकळं होऊ नका. सगळ्याच पेरण्यांना मॉडेल ५०० किलो जास्त देत असेल तरी आर-वर्ग ०.९५ येऊ शकतो. आरएमएसई (चुकीचा सरासरी आकार) द्या, विलमॉटचा डी (जुळणीचा ० ते १ निर्देशांक) द्या.

परदेशी_सरकी | ३ मार्च, दुपारी १:४४

विलमॉटचा डी खराब मॉडेललाही ०.८ देतो. त्यापेक्षा सरासरी त्रुटी चिन्हासकट द्यावी.

संख्या_आणि_शेती | ३ मार्च, दुपारी २:०२

म्हणूनच दोन्ही द्या म्हटलं. एकट्या डीवर कोण विसंबतं?

पऱ्हाटी_यवतमाळ | ३ मार्च, रात्री ८:५०

मी शेतकरी आहे, मॉडेल काही चालवलं नाही. पण २०२३ म्हणता म्हणून विचारतो ताई, पहिली पेरणी तुम्ही धुळीत केली होती का? त्या वर्षी मृग कोरडा गेला. आमच्याकडे पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. आम्ही १४ जूनला सरकी टोबली, ती तशीच मातीत पडून राहिली. काही उंदरांनी नेली, नंतर नांग्या भरल्या. पुढे ऑगस्ट पूर्ण कोरडा. तुमच्या कॉम्प्युटरला हे सांगितलं का?

आणि तिसऱ्या पेरणीचं म्हणाल तर उशिराच्या कपाशीला बोंडअळी सोडत नाही. २०१७ आठवतंय ना? कवडीची (अळीने खराब केलेली) बोंडं फोडून फोडून हात दुखले होते. भाव तर वेगळंच दुखणं.

मृगाची_सर | ३ मार्च, रात्री ११:३०

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून लगेच फाइल उघडली. पहिली पेरणी १५ जूनची, धूळपेरणीच. नोंदवहीत उगवण २९ जून आहे. मॉडेलमध्ये उगवण २० जूनला दिसतेय! सुरुवातीचा ओलावा मी पूर्ण भरलेला दिला होता, त्यामुळे मॉडेलने पावसाची वाटच पाहिली नाही. हे नऊ दिवस भरून काढायला मी उगवण-ते-फूल हा गुणांक वाढवला होता. म्हणूनच दुसऱ्या पेरणीचं फूल मॉडेलमध्ये उशिरा येत होतं.

सातपुडा७२ | ४ मार्च, सकाळी ७:४५

हे मी सांगणारच होतो. सिम्युलेशन पेरणीच्या दिवशी सुरू करू नका. १ मेपासून सुरू करा, माती उन्हाळ्यात असते तशी कोरडी द्या, मग पाऊस काय तो ठरवील. आणि गुणांक बदलताना वाणाच्या फाइलीत दिलेली किमान-कमाल मर्यादा ओलांडू नका. आमच्या वेळी एका विद्यार्थ्याने ओलांडली आणि तोंडी परीक्षेत अडकला.

काळी_आई | ४ मार्च, सकाळी ११:२०

मृदा सर्वेक्षणात वीस वर्षं काढली, त्या आधारावर विचारते. तुमच्या प्रयोगाच्या प्लॉटवर खड्डा घेतलाय का? किती खोल गेल्यावर मुरूम लागला? आणि मॉडेलमध्ये मातीची खोली किती दिलीय?

मृगाची_सर | ४ मार्च, दुपारी १२:०५

ताई, खड्डा आमच्या विभागाने घेतला होता. ५५ सेंमीला मुरूम लागला. मॉडेलमध्ये तयार फाइलीतली काळी माती घेतली होती, १५० सेंमी.

काळी_आई | ४ मार्च, दुपारी १२:४०

मग तुमचं उत्तर इथेच आहे. काळ्या मातीत दर १० सेंमी खोलीला पिकाच्या उपयोगी पडणारं पाणी ढोबळमानाने १२ ते १५ मिमी धरा. १५० सेंमीला ते १८० ते २२५ मिमी होतं, ५५ सेंमीला ६६ ते ८२. पाऊस ऑक्टोबरमध्ये निघून जातो, उशिराच्या पेरणीची बोंडं त्यानंतर भरतात. तुमच्या मॉडेलमधली कपाशी खालचा मीटरभर ओलावा पीत बसली होती आणि शेतातली मुरमाला टेकून सुकत होती. पहिल्या पेरणीला हा फरक कमी जाणवला, कारण तिची बरीच बोंडं पाऊस असतानाच धरली. मातीची ही चूक वाणाच्या माथी मारू नका. प्रत्येक थराची ओलावा धरून ठेवण्याची वरची आणि खालची मर्यादा प्रयोगशाळेतून घ्या, मुळांचा गुणांक मुरमाखाली शून्य करा. जिल्ह्यातल्या माती-श्रेणींची माहिती नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोकडे मिळते, पण तुमचा खड्डा त्याहून खरा.

ठिबकवाला_जळगाव | ४ मार्च, दुपारी ३:१०

म्हणूनच मी म्हणतो, मातीतल्या ओलाव्याचे सेन्सरही बसवा. तीन वेगवेगळ्या खोलींवर तीन. महाग आहेत, पण एकदाच खर्च.

विदर्भ_पीएचडी | ५ मार्च, रात्री ९:१५

वर बऱ्याच जणांनी सांगितलंय तेच सांगतो: क्रम पाळा. आधी उगवण, फूल, पक्वता. मग पानांचं क्षेत्रफळ. मग जैवभार. सगळ्यात शेवटी उत्पादन. आणि गुणांक ज्या प्लॉटवर काढायचे त्याला पाण्याचा, अन्नाचा, किडीचा ताण शक्य तेवढा कमी असावा. अळी लागलेल्या प्लॉटवर जुळवलेला गुणांक अळीचा असतो, वाणाचा नसतो. डीएसएसएटीत कीड-नुकसानीची नोंद वेगळी देता येते, हिरव्या बोंडांतल्या नुकसानीचे आकडे असतील तर ती द्या.

उत्पादनाचे आकडेही तपासा. सगळ्या वेचण्यांची बेरीज घ्या, फरदडीचा (हंगाम संपल्यावर ठेवलेल्या पिकाचा) कापूस त्यात नको. सरकीसकट कापूस आणि रुई यांची गल्लत नको, रुई एक तृतीयांशाच्या आसपास असते. मॉडेलमधलं वजन कोरडं असतं, तुमच्या काट्यावरच्या कापसात ओलावा असतो.

पानांचं क्षेत्रफळ नाही ही खरी अडचण. आमच्याकडे सेप्टोमीटर (छत्राखाली येणाऱ्या उजेडावरून पानांचं क्षेत्रफळ काढणारं यंत्र) आहे, काही लाखांचा. विभागाला घ्यायला लावा. नाहीतर तिसरी पेरणी प्रबंधातून सरळ वगळा आणि जूनमध्ये मोकळ्या व्हा.

संख्या_आणि_शेती | ५ मार्च, रात्री १०:००

तिसरी पेरणी वगळण्याला माझाही पाठिंबा. बाकी आठ संच उरतात (दोन वाण, दोन पेरण्या, दोन वर्षं), त्यातले २०२३चे ग्लूला द्या. जून गाठता येईल.

मृगाची_सर | १६ मार्च, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. दहा दिवस बसून केलं ते सांगते.

सिम्युलेशन १ मेपासून, माती कोरडी. उगवण एका दिवसाच्या फरकाने जुळली. उगवण-ते-फूल गुणांक मूळ किमतीच्या जवळ आणला, आणि दोन्ही वर्षांच्या तिन्ही पेरण्यांचं फूल तीन दिवसांच्या आत आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

मातीची खोली ५५ केली. तिसरी पेरणी १७८० वरून १२९० वर आली, वाणाला हात न लावता. हिरव्या बोंडांचं नुकसान मी मोजलेलं होतं, ते दिल्यावर ११७०.

पण आता पहिली पेरणी १८४० वरून १५२० वर घसरलीय. पानांच्या वाढीचा वेग वाढवला तरी ती १८५० होते आणि फळाकडे जाणारा वाटा वाढवला तरीही होते. ग्लूनेही गुणांकांचे दोन वेगवेगळे संच जवळजवळ सारखेच चांगले ठरवले. एका संचात पानं भरपूर आणि बोंडं कमी वजनाची, दुसऱ्यात पानं विरळ आणि बोंडं भरदार. माझ्या शेतात यातलं काय होतं ते सांगणारा एकही आकडा माझ्याकडे नाही. १८४० विरुद्ध १८५० पाहून मी खूश झाले होते, तेव्हा उगवण चुकीची होती, माती चुकीची होती, आणि तरी बेरीज जुळली होती. ही भीती आता जात नाही.

म्हणून जूनला प्रबंध देत नाही. मुदतवाढीचा अर्ज केलाय, मार्गदर्शक नाराज आहेत पण सही दिलीय. तिसरी पेरणीही ठेवणार. याच खरिपात त्याच प्लॉटवर दर पंधरा दिवसांनी झाडं कापून पानं, खोड, बोंडं वेगळी वाळवणार. १२ हजारांतले बहुतेक मजुरीला जातील. पानांचं क्षेत्रफळ आलेखकागदावर काढणार. दोनपैकी कोणता संच खरा ते झाडच सांगेल.

सातपुडा७२ | १७ मार्च, सकाळी ७:३०

एक वर्ष फार असतं. आहे त्यात उरकायला हवं होतं. आठ संच पुरेसे होते.

विदर्भ_पीएचडी | १७ मार्च, सकाळी ९:०५

मीही हेच म्हणेन, पण ठरलंच आहे तर आलेखकागदावर प्रत्येक पान काढू नका, वेळ पुरणार नाही. तीस-चाळीस पानांची लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ घेऊन गुणक काढा, मग बाकीच्यांची लांबी-रुंदीच मोजा. दोन्ही वाणांचा गुणक वेगळा काढा. शिवाय छत्राचे (जमीन झाकणाऱ्या पानांचे) फोटो वरून घ्या, कॅनोपिओ हे ॲप फुकट आहे, मोबाइलवर हिरव्याची टक्केवारी देतं. तेवढं असलं तर उद्या ॲक्वाक्रॉप हे दुसरं मॉडेलही चालवता येईल, त्याला पानांच्या क्षेत्रफळाऐवजी छत्रच लागतं.

काळी_आई | १७ मार्च, सकाळी १०:४०

झाडं कापाल त्याच दिवशी १५, ३० आणि ४५ सेंमीवरची माती डब्यात घ्या. ओली तोला, वाळवून तोला. खर्च काही नाही.

पऱ्हाटी_यवतमाळ | १७ मार्च, रात्री ८:२०

ताई, कडेच्या दोन ओळींतली झाडं कापू नका, ती नेहमी जास्त फोफावतात. आणि वेचणीसाठी राखलेल्या ओळींतलं झाड कोणी चुकून कापू नये म्हणून आधीच खुंट्या ठोकून सुतळी बांधा.

मृगाची_सर | १७ मार्च, रात्री ९:०२

भाऊ, सुतळी उद्याच आणते. खुंट्या तुराट्यांच्या चालतील की बांबूच्या घेऊ?

पऱ्हाटी_यवतमाळ | १७ मार्च, रात्री ९:१०

बांबूच्या. तुराटी श्रावणात कुजते.