उपग्रहाच्या चित्रात धूर दिसतो, पण तो नाकात येणार की नाही हे कसं ओळखायचं?

साताऱ्याच्या_बाई (9 जून 2023)

नमस्कार मंडळी. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, सध्या लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला. मंगळवारी मागच्या डेकवर कुरडया वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी उचलायला गेले तर त्यांना चुलीचा वास! जावई आधी गॅस तपासत बसले. बुधवारी दुपारी तर आभाळावर हळदीचं पाणी सांडल्यासारखं झालं, भर दोन वाजता घरात दिवे लावले. न्यूयॉर्कचा हवेचा निर्देशांक (जितका जास्त, तितकी हवा वाईट) 400 च्या वर गेला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या वणव्यांचा धूर, हे बातम्यांत कळलं.

नातवाने नासाचं वर्ल्डव्ह्यू, म्हणजे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ, उघडून दिलं, म्हणून मे महिन्यातली चित्रंही काढली. तेव्हा पश्चिम कॅनडातल्या अल्बर्टाच्या वणव्यांचा धूर आमच्या डोक्यावर होता आणि सूर्य कुंकवासारखा लाल उगवायचा. पण ना वास, ना खोकला. मला दोन्ही महिन्यांत चित्रावर तोच करडा पडदा दिसतो. जन्मभर पोरांना नकाशावाचन शिकवलं आणि इथे माझीच विकेट पडली. काय चुकतंय?

ढगवेडा

बाई, तुमचं काही चुकत नाही. उपग्रह वरून बघतो, त्यामुळे खालपासून वरपर्यंतचा सगळा धूर एकाच चित्रात चपटा होऊन येतो. तो पाच किलोमीटरवर तरंगतोय की तुमच्या कुरडयांवर उतरलाय, हे रंगावरून कळत नाही.

अल्बर्टाचा धूर आगीच्या उष्णतेने उंच चढला आणि वरच्या पश्चिमी वाऱ्यांत सापडून तीन हजार किलोमीटर वरच्यावर आला. क्वेबेक त्या मानाने शेजारी. शिवाय अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून होतं. उत्तर गोलार्धात त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, हे तुम्हाला मी काय सांगू! पश्चिमेकडच्या अंगाने धूर खालच्या थरातून थेट दक्षिणेला ओढला गेला.

एकच चित्र बघू नका, गोज-ईस्ट या हवामान उपग्रहाचा लूप, म्हणजे सलग चित्रांची फिल्म, लावा. तो भूस्थिर आहे, म्हणजे कायम एकाच जागेच्या वर, आणि दर 5 मिनिटांनी अमेरिकेचं चित्र देतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर बघा, तिरप्या उन्हात धूर उजळतो. दुपारी तोच जमिनीच्या रंगात विरघळून जातो. मग धूर सरकतोय ती दिशा आणि तुमच्या अंगणातला वारा ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर धूर बहुधा वरच्या वर चाललाय. शेवटचा शब्द मात्र जमिनीवरच्या सेन्सरचा. एअरनाऊ या अमेरिकी सरकारी संकेतस्थळाचा आग-धुराचा नकाशा उघडा: वर दाट पडदा आणि खाली सेन्सरचे हिरवे ठिपके (हिरवा म्हणजे हवा चांगली), म्हणजे खुशाल फिरायला जा.

रात्रपाळी_टोरांटो

मी पण फसलो. परवा रात्री उपग्रहाचं इन्फ्रारेड (उष्णता टिपणारं) चित्र बघून बायकोला ऐटीत सांगितलं, धूर गेला, खिडक्या उघड. सकाळी दोघांचेही घसे बसलेले.

ढगवेडा

@रात्रपाळी, धुराचे कण मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक. लांब तरंगलांबीचं इन्फ्रारेड त्यांतून आरपार जातं. रात्री आगीचे तापलेले ठिपके दिसतील, धूर नाही. पण सध्या एक सोय आहे. सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या कॅमेऱ्याला चांदण्यातही दिसतं आणि वटपौर्णिमा नुकतीच झालीय. मध्यरात्रीनंतर चंद्र वर आला की त्या कॅमेऱ्याचं दीड वाजताच्या सुमाराचं चित्र बघा. अमावास्येच्या आसपास मात्र तेही आंधळं.

साताऱ्याच्या_बाई

ढगवेडा, बुधवारचा लूप नातवाबरोबर चार वेळा बघितला. सकाळच्या उन्हात धुराचा लोट न्यूयॉर्क राज्यावरून दक्षिणेला सरकताना स्वच्छ दिसला. अंगणातला वारा आता कुठून आणू, असं म्हणत होते, तेवढ्यात लेकीने त्या दुपारी काढलेला पिवळ्या आभाळाचा फोटो सापडला. त्यात समोरच्या घराचा झेंडा दक्षिणेकडेच फडकतोय! नातवाने होकायंत्र धरून खात्री केली.

कुरडया काल तळून बघितल्या. वास गेलेला नाही.