मूल आजारी पडलं की ‘नात्यात लग्न केलंत म्हणून’ हा ठपका का?

खानापूरकर:
आपल्या खानापूर-निपाणी पट्ट्यात मूल सारखं आजारी पडलं की पहिला प्रश्न ठरलेला, मामाची मुलगी केली होती काय? विस्कॉट-ऑल्ड्रिच या जन्मजात आजारात (रक्तस्राव, इसब आणि वारंवार जंतुसंसर्ग) तरी हा प्रश्न अन्यायाचा आहे. १९३७ साली डॉक्टर विस्कॉट यांनी नोंदवलेले तिन्ही भाऊ आजारी होते, बहिणी धडधाकट. १९५४ मध्ये डॉक्टर ऑल्ड्रिच यांनी दाखवलं की हा आजार आईकडून मुलग्यांत उतरतो. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो. मग नवरा नात्यातला असो वा परका, काय फरक पडतो?

चिकोडीचा वाचक:
एवढं सरसकट नको, दादा. एआरपीसी१बी हे पेशीतलं दुसरं एक प्रथिन बिघडलं तरी असंच होतं. रक्तस्राव, इसब, वारंवार जंतुसंसर्ग. तो दोष मात्र आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नात त्याची शक्यता वाढते. तुमचं वाचून लोक निर्धास्त होतील.

खानापूरकर:
त्या आजारापुरतं तुमचं बरोबर. पण दोन्ही बिघाड एकाच साखळीतले आहेत. विस्कॉट-ऑल्ड्रिचमध्ये बिघडतं ते वॅस्प प्रथिन. ते आर्प २/३ या प्रथिनांच्या संकुलाला जागं करतं आणि मग पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या धाग्याला साधारण ७० अंशांत नवी फांदी फुटते. त्या फांद्यांच्या जोरावर पांढरी पेशी जंतूकडे सरकते. एआरपीसी१बी त्याच संकुलाचा भाग. इशारा देणारा बिघडो की फांदी काढणारा, लेकरू तसंच आजारी. कुठला बिघाड हे जनुक तपासणीनेच कळतं, मामाच्या घरावर बोट दाखवून नाही. वॅस्पचा दोष बाळगणारी आई स्वतः बहुधा निरोगी असते. तिला ठाऊकच नसतं, आणि सासरी बोल तिलाच!

निपाणीची आशाताई:
तुमची जनुक तपासणी वाडीवरच्या माणसाला कशी परवडायची? आधी हातातला कागद वाचायला शिकवा की. विस्कॉट-ऑल्ड्रिचमध्ये प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) नुसत्या कमी नसतात, लहानही असतात. रक्ताच्या रिपोर्टवर एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, हा आकडा असतो. मशीनने तो दिला नाही तर काचेवर रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. मुलगा, अंगावर लाल ठिपके, इसब, कान वाहतोय, तर रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवायचंच.

चिकोडीचा वाचक:
ताई, हे पटलं. तरी नात्यात सोयरीक जुळवताना लग्नाआधी समुपदेशन हवंच, यावर मी ठाम आहे.

खानापूरकर:
असू दे की, विरोध नाही. पण आधी आजारी लेकराचं बघा. जुळणाऱ्या दात्याकडून अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं तर हा आजार बरा होऊ शकतो. सख्ख्या भावंडांची जुळणी लवकर तपासून घ्या.