४६ हजारांचे मॉनिटर कशाला?

बी-४०२ (नाना): सेक्रेटरीसाहेब, नोटीस बोर्डावरचं कोटेशन वाचलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला २७ इंची कर्व्हड मॉनिटर दोन, प्रत्येकी १८,०००, वर २८ टक्के जीएसटी, एकूण ४६,०८०. तिथे मेंटेनन्सची बिलं काढायचीत की सिनेमा दाखवायचाय?

सेक्रेटरी: नाना, मागच्या तिमाहीत बिलं चुकली तेव्हा सर्वांत जास्त तुम्हीच बोलला होतात. बँक स्टेटमेंट झाकून हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर उघडायचं, टॅली झाकून स्टेटमेंट. त्या १९ इंची डबड्यावर मॅनेजर तरी काय करणार? दोन स्क्रीन हव्यातच.

बी-४०२ (नाना): दोन स्क्रीनना विरोध नाही. ४६ हजारांना आहे.

ए-७०१: आधी सीपीयूच्या मागे कोणते पोर्ट, म्हणजे मॉनिटरची वायर जोडायच्या जागा, आहेत ते कुणी बघितलंय का?

सी-१०३ (वहिनी): एवढे मोठे घेताय तर सीसीटीव्हीपण त्यावरच दिसू दे. वॉचमन म्हणतो गेटचं काही दिसतच नाही.

डी-२०४: सीसीटीव्हीवरून आठवलं. डी विंगसमोर पुन्हा पांढरी गाडी आडवी लावलीय.

सी-१०३ (वहिनी): आमचे पाहुणे आहेत, निघतायत. गणपतीत तुमचा टेम्पो दिवसभर उभा होता, तेव्हा आम्ही ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

डी-२०४: हा मेसेज डिलीट केला आहे.

खजिनदार: कृपया विषयावर या 🙏 नाना, २७ इंची मी सुचवलेत. मॅनेजरना चष्मा आहे, अक्षर मोठं दिसेल.

ए-७०१: काका, अक्षर मोठं दिसेल हे खरं, पण जास्त ओळी मावणार नाहीत. कोटेशनमधला २७ इंची फुल एचडीच आहे. २४ इंचीतही तेवढेच ठिपके, १९२० बाय १०८०. तेच चित्र ताणलं की हाताच्या अंतरावरून अक्षरांच्या कडा भरड दिसतात. २७ घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, आणि तो महाग. २४ वर विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के केलं की चष्म्याचंही भागतं.

ए-७०१: आणि सीपीयूमागचे पोर्ट कुणीतरी बघा ना.

ए-३०१: कर्व्हड मस्त दिसतो पण. माझ्या मुलाकडे आहे.

ए-७०१: गेम खेळायला छानच. खतावणीच्या सरळ रेघा मात्र त्यावर वाकड्या वाटतात. शिवाय ऑफिसचं टेबल चार फुटी, म्हणजे १२२ सेंमी. २७ इंची साधारण ६१ सेंमी रुंद. दोन ठेवले की टेबल संपलं. २४ चे दोन १०८ सेंमीत बसतात.

सी-१०३ (वहिनी): म्हणजे पावतीपुस्तक मांडीवर 😄

बी-४०२ (नाना): ७०१ च्या मुलीचं ऐका जरा. आणि खजिनदारसाहेब, २८ टक्के कुठून आले? ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे. सप्टेंबर २०२५ नंतर तर त्याहून मोठ्यांनाही १८. याच कोटेशनवर ३,६०० रुपये जास्त लागलेत.

खजिनदार: माझ्याकडे आलेलं कोटेशन जसंच्या तसं लावलंय. संशय घ्यायची गरज नव्हती. सहा वर्षं बिनपगारी काम करतोय.

बी-४०२ (नाना): संशय कुणावर घेतला? आकडा वाचला.

सेक्रेटरी: नाना, तुम्हीच समितीत या म्हणून तीनदा विनंती केली होती.

सी-५०२: शुभ सकाळ 🌸 पाणी उद्या अकरानंतर येणार का?

ए-७०१: पोर्ट!! सीपीयूला एचडीएमआय एकच असेल तर स्प्लिटर लावून उपयोग नाही. स्प्लिटर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो, टॅली एकीकडे आणि बँक दुसरीकडे होत नाही.

सेक्रेटरी: मॅनेजरने फोटो पाठवलाय. एक एचडीएमआय आणि एक निळं, स्क्रूवालं.

ए-७०१: मग काम झालं. निळं म्हणजे व्हीजीए. दोन्ही मदरबोर्डवरच आहेत, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे एक एक मॉनिटर लावून दोन्ही एकत्र चालावेत. खरेदीआधी जुना मॉनिटर आणि ऑफिसचा टीव्ही जोडून बघू. नवे मॉनिटर घेताना मागे एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही हवेत. नुसता एचडीएमआय असला तर व्हीजीएचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लागेल, त्याला वेगळी पॉवर, पुन्हा एक कटकट.

ए-७०१: दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या, रंग आणि उंची जुळते. पडद्याचं पॅनल आयपीएस प्रकारचंच. मधे बसून दोन्हीकडे तिरकं बघायचं असतं, टीएन प्रकारच्या पॅनलवर तिरकं पाहिलं की रंग उडतात. असा २४ इंची साधारण ८-९ हजारांत मिळतो.

सी-१०३ (वहिनी): आणि सीसीटीव्ही? तिसरा घ्यायचा?

ए-७०१: नको वहिनी. डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला, बहुतेक स्वतःचं व्हीजीए असतं, कॉम्प्युटर लागतच नाही. आत्ताचा १९ इंची तिथेच लावा, गेट दिसेल.

बी-४०२ (नाना): हे कोटेशन मागवायच्या आधी विचारलं असतं तर?

खजिनदार: नाना, पुरे.

ए-३०१: शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊ या का? रविवारी बरीच दुकानं बंद असतात. डोंबिवलीहून दादरला बदलून ग्रँट रोड.

डी-२०४: येताना संध्याकाळच्या फास्टमध्ये दोन खोकी? मालडब्यात तरी घुसाल का?

ए-३०१: दुपारी दोनच्या आत परत निघू. टेम्पोवाल्यांनी काळजी करू नये.

ए-७०१: दुकानातच चालू करून बघा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल, म्हणजे बंद पडलेले ठिपके, शोधा. स्वस्त स्टँड फक्त पुढेमागे कलतात, वरखाली होत नाहीत. म्हणून मागे १०० बाय १०० मिमीची वेसा स्क्रूची भोकं असलेलाच घ्या, पुढे हवा तर टेबलाला आर्म लावता येतो.

बी-४०२ (नाना): बिल सोसायटीच्या नावे, दोन्हींचे सीरियल नंबर बिलावर, वॉरंटी तीन वर्षांची. मी येतो सोबत.

खजिनदार: जुनं कोटेशन बोर्डावरून काढलंय. १८ हजारांपर्यंत मंजुरी हवी, हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

सी-१०३ (वहिनी): हरकत नाही. गाडी निघाली, डी विंग.

सी-५०२: पाण्याचं कुणी सांगेल का?