अनुभव धागा: क्रूझमधून उतरून एका दिवसात लिस्बन

यंदा आई-बाबांना घेऊन बार्सिलोनाहून निघणारी क्रूझ ठरवली आहे. वाटेत मोरोक्कोतलं टँजियर करून बोट सकाळी आठला लिस्बनला लागते, संध्याकाळी पाचच्या आत परत चढायचं. क्रूझवाल्यांची सहल बघितली: बसमधून शहर, फोटोला पंधरा मिनिटं आणि मग बुचाच्या पर्सांच्या दुकानात तासभर. नको वाटलं. बाबांना इतिहास हवा, आईचे गुडघे कुरकुरतात आणि 'टॉप टेन' वाचून वाचून माझं डोकं उठलंय. तेजो नदीच्या काठी असा दिवस ज्यांनी काढलाय, किंवा जे तिथे राहतात, त्यांनी कृपया लिहा. काय बघितलंत, काय सोडलंत, सोडल्याची चुटपुट लागली का? तिकिटांचे दर नकोत, ते मी बघेन.

बोटीवरची आजी

बाई गं, आईबाबांना पहाटे उठव आणि डेकवर घेऊन जा. बोट समुद्र सोडून नदीत शिरते तो तासभर मला अख्ख्या क्रूझमध्ये सगळ्यात आवडला, आणि त्याला तिकीट नाही. डाव्या हाताला बेलेंचा पांढरा मनोरा, मग जहाजाच्या नाळेसारखं बांधलेलं शोधमोहिमांचं स्मारक. उजवीकडे टेकडीवर हात पसरून उभा असलेला ख्रिस्त, आणि समोर लाल झुलता पूल. हा पूल 1966 चा. तेव्हा सालाझारचं नाव होतं, 1974 च्या क्रांतीनंतर '25 एप्रिल' झालं. पाण्यापासून 70 मीटर उंच आहे म्हणे, पण खालून जाताना बोटीचं धुराडं आता आपटतं की काय अशी धाकधूक होतेच. वरच्या लोखंडी जाळीवरून गाड्या जातात त्याचा घूंऽऽ असा आवाज येतो, आमचे हे म्हणाले मधमाश्या उठल्या.

गुडघ्यांचं सांगते. धक्का आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या पायथ्याशीच आहे, सांता अपोलोनिया स्टेशनजवळ. तिथून नदीकाठाने प्रासा दो कोमेर्सिओ चौकापर्यंत सपाट रस्ता, रमतगमत वीसेक मिनिटं. किल्ल्यावर चढायचं असेल तर टॅक्सी करा, नाहीतर बायशा भागातल्या रुआ दोस फान्केइरोस रस्त्यावर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या गल्लीत सोडते. समोरचा छोटा चौक ओलांडला की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. त्यानंतरही थोडा चढ उरतो, पण निम्मा डोंगर वाचतो. फरसबंदीचे ते पांढरे चुनखडीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की घसरगुंडीच. रबरी तळाचे बूट घ्या, चपला नकोत.

फोंडेकर

आम्हां गोंयकारांना लिस्बन म्हणजे थोडं सासरी गेल्यासारखं. सगळं ओळखीचं आणि तरी अंग चोरून बसावं असं. आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले होते, तिथल्या नद्यांची नावं त्यांना म्हातारपणीही पाठ होती. मांडवीचं नाव त्या पुस्तकात नव्हतं.

मी थेट बेलेंला गेलो. शहराच्या पश्चिमेला सहाएक किलोमीटर, 15 नंबरची ट्राम किंवा काईश दो सोद्रे स्टेशनवरून लोकल. जेरोनिमोस मठाला दोन रांगा असतात. आतला चौक बघायचा तर तिकीट, नुसत्या चर्चला नाही. मला चर्चच बघायचं होतं. दारातून आत शिरताच वास्को द गामाची कबर. माणूस 1524 ला कोचीत वारला, पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि या चर्चमध्ये आणल्या त्या 1880 साली. आमच्याकडे त्याच्या नावाचं अख्खं शहर आहे, रेल्वे स्टेशन आहे. इथे लोक दगडी हातांचे फोटो काढत होते. मी काढला नाही. राग नव्हता, भक्ती तर नव्हतीच.

मनोऱ्यापाशी मात्र मुद्दाम थांबा आणि गेंडा शोधा. पश्चिमेकडच्या एका टेहळणी बुरुजाखाली, पाण्याच्या बाजूला, झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला हा प्राणी भेट दिला. त्याने तो गोव्याहून राजा मानुएलला धाडला आणि 20 मे 1515 ला तो इथे उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्तीच पळाला! मग राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात होता, पोहणार कसा? जर्मन चित्रकार ड्यूररचं गेंड्याचं प्रसिद्ध चित्र याच प्राण्याचं, आणि ड्यूररने त्याला डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मनोऱ्याच्या आत जायची गरज नाही, गेंडा बाहेरूनच दिसतो.

दुबईकर

दोनच गोष्टी. टँजियर करून लिस्बनला येताय म्हणजे शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून परत आत. भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एन्ट्री व्हिसाच हवा, सिंगल चालणार नाही. दुसरं, पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, बोटीचं बदलेलच असं नाही. 'पाच' म्हणजे कुठले पाच ते बोटीवर विचारून घ्या आणि एक साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवा.

सांजवारा

फोंडेकर, गेंड्यासाठी दंडवत!

वसईवाला

बाबांना इतिहास हवाय ना, मग बेलेंपेक्षा बायशा आणि कार्मो. सगळे मला वेड्यात काढतील, पण बेलें म्हणजे भूकंपातून वाचलेलं लिस्बन, आणि खरं शहर कळतं ते पडलेल्या भागात.

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. आधी भूकंप, मग नदीतून उलटी आलेली सुनामी, मग वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग, ती कित्येक दिवस. नदीकाठचा राजवाडा गेला. आज जिथे पिवळ्या कमानींचा चौक आहे तिथेच तो होता, म्हणून जुनी माणसं अजून त्याला 'तेरेइरो दो पासो', म्हणजे राजवाड्याचं अंगण, म्हणतात. मग राजाचा मंत्री पोम्बाल याने सरळ रेषेत रस्ते आखले आणि भिंतींच्या आत लाकडी पिंजरे बसवले, भूकंपात इमारत हलली तरी कोसळू नये म्हणून. 18 व्या शतकात! बाहेरून काहीच दिसत नाही, नुसत्या एकसारख्या खिडक्या दिसतात. बाबांना हे आधी सांगून ठेवा, मग ते रस्ते कंटाळवाणे वाटणार नाहीत.

कार्मोचं चर्च छप्पर पडल्यावर तसंच ठेवलंय. वर आभाळ, खाली गवत, दोन्ही बाजूंनी कमानी. मी वसई किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चांमध्ये क्रिकेट खेळत मोठा झालो, त्यामुळे तिथे पाय निघेना. फरक इतकाच की इथे तिकीट आहे आणि झाडं भिंतीतून उगवत नाहीत. आमच्याकडे 1739 ला चिमाजी अप्पा आले, त्यांच्याकडे भूकंप.

शाकाहारी प्रवासी

जेवण: भाज्यांचं सूप 'सोपा द लेगुमेश' बहुतेक ठिकाणी मिळतं, पण 'काल्दो वेर्द' नावाच्या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते, आधी विचारा. प्रसिद्ध कस्टर्डच्या टार्टमध्ये अंड्याचा बलक असतोच. आणि बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नाही, हात लावला की बिलात. नको असेल तर परत न्यायला सांगा, कुणी वाईट मानत नाही.

आल्फामाची भाडेकरू

मी इथे राहते, त्यामुळे थोडं कटू बोलते, राग नसावा. 28 नंबरची ट्राम पकडायच्या नादात अर्धा दिवस घालवू नका. क्रूझच्या दिवशी अकरा वाजता तिच्यात उभं राहायलाही जागा नसते आणि खिसेकापूंना सुगी असते. आमच्या आज्यांना भाजी घेऊन घरी जायला हीच ट्राम आहे, त्या फुटपाथवर ताटकळतात. आमच्या गल्लीतली निम्मी घरं आता पर्यटकांना भाड्याने जातात, खाली चाकांच्या बॅगांचा खडखडाट असतो. त्यामुळे आल्फामात या, पण आवाज हळू ठेवा आणि खिडकीतल्या माणसांचे फोटो काढू नका.

ट्रामऐवजी काईश दो सोद्रेवरून कासिल्यासची फेरी बोट घ्या. लोक कामाला जातात तीच. पलीकडून सगळं शहर टेकड्यांसकट समोर दिसतं, आणि आईला एक पायरीही जास्त चढावी लागणार नाही. मंगळवार किंवा शनिवार असेल तर धक्क्याच्या वरच्या बाजूला, सांता क्लाराच्या मैदानात, जुना बाजार भरतो: टाईल्स, तबकड्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो.

पण ताई, तुमचा वार कुठला?

धागाकर्ती

आत्ता कॅलेंडर बघितलं. सोमवार. 🙈

आल्फामाची भाडेकरू

मग जेरोनिमोस बंद, बेलेंचा मनोरा बंद, फादो या पोर्तुगीज गाण्यांचं संग्रहालयही बंद. किल्ला रोज उघडा असतो. कार्मो रविवारी बंद असतं, सोमवारी चालू. वसईवाल्यांचं ऐका.

फोंडेकर

गेंडा सोमवारीही बाहेरच असतो बरं का. बाबांना उत्साह असेल तर दुपारी लोकलने जाऊन या, तीनला परत निघा.

धागाकर्ती

ठरलं: पहाटे डेक, मग नदीकाठाने चौक, बायशा, कार्मो, दुपारी फेरी बोट. गेंड्याचं बाबांवर सोडलंय. त्यांनी आत्ताच फोनवर विचारलं, बुरुजाची कुठली बाजू?